ज्याला थडगंही नको होतं, त्याची शंभर मीटर भिंत

जिनिव्हाच्या पार्क दे बास्तियोंमध्ये प्लास द नव्हच्या फाटकातून शिरलं, की आधी बुद्धिबळ लागतं. जमिनीवर आखलेले मोठाले पट, हातभर उंचीची मोहरी, आणि वाकून वजीर उचलणारे पेन्शनर. भोवती न विचारता सल्ले देणाऱ्यांचं कोंडाळं. त्यांना ओलांडून झाडांखालून पुढे गेलं की डाव्या हाताला दगडी भिंत सुरू होते आणि बराच वेळ संपत नाही. लांबी शंभर मीटर. मधोमध चार दाढीवाले उभे आहेत, प्रत्येकी पाच मीटर उंच, अंगात पायघोळ झगे, हातात छोटं पुस्तक. झग्यांच्या चुण्या खांबासारख्या सरळ खाली उतरतात, त्यामुळे लांबून ती माणसं कमी आणि इमारतीचा भाग जास्त वाटतात. समोर, बागेच्या पलीकडे, विद्यापीठ.

डावीकडून मोजलं तर गियोम फारेल, जॉन कॅल्विन, थिओडोर बेझा आणि जॉन नॉक्स. सोळाव्या शतकात कॅथॉलिक चर्चपासून फुटून निघालेल्या प्रॉटेस्टंट पंथाचे हे धर्मसुधारक. या भिंतीची पायाभरणी 1909 साली झाली ती कॅल्विनच्या जन्माला 400 वर्षं झाली म्हणून. बाकीचे तिघे त्याच्या सोबतीला आले.

प्रकरण थोडक्यात असं. चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं उतरवणाऱ्या परंपरेचा हा सगळ्यात मोठा आचार्य. मेल्यावर आपल्या जागेवर खूण नको, असं सांगून गेलेला. त्याच्या नावावर एका माणसाला जिवंत जाळल्याचा डागही आहे. अशा माणसाचं सार्वजनिक स्मारक त्याच्याच शहराला करायचं होतं, आणि तेही त्याला मानणारे शहरात वर्षागणिक कमी होत असताना. जिनिव्हाने हे कसं निभावलं, कुठे जमलं, कुठे अंग चोरलं, हे बघण्यासारखं आहे. भिंतीपासून चालत वीसेक मिनिटांवर, शांपेलच्या चढावर इस्पितळाजवळ, एक ओबडधोबड दगड आहे. भिंतीपेक्षा सहा वर्षं जुना. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्या दगडावरच्या मजकुरात आहे.

माणूस आणि त्याची अट

कॅल्विन जिनिव्हाचा नव्हता. 10 जुलै 1509 रोजी उत्तर फ्रान्समधल्या नोयों गावी जन्मलेला, कायदा शिकलेला फ्रेंच माणूस. 1536 च्या उन्हाळ्यात तो जिनिव्हात एका रात्रीच्या मुक्कामाला उतरला होता. शहराने त्याच वर्षी मे महिन्यात धर्मसुधारणेच्या बाजूने कौल दिला होता. फारेलला हाताखाली माणूस हवा होता. त्याने कॅल्विनला आधी विनवलं, आणि तो ऐकेना तेव्हा सरळ शाप दिला: असा निघून गेलास तर देव तुझ्या अभ्यासाच्या शांततेला लाथाडेल. कॅल्विन घाबरला आणि राहिला. 1538 साली शहराने दोघांनाही हाकललं. 1541 साली कॅल्विनला परत बोलावलं. तो आला तो मरेपर्यंत तिथेच राहिला, पण जिनिव्हाचं नागरिकत्व त्याला मिळालं 1559 च्या अखेरीस. म्हणजे ज्या शहराला लोक 'कॅल्विनचं शहर' म्हणायचे, तिथे तो जवळजवळ वीस वर्षं परका म्हणूनच वावरला.

मूर्तींबद्दलचं त्याचं मत बरेचदा ढोबळपणे सांगितलं जातं. सेंट पीटर कॅथेड्रलमधल्या मूर्ती 1535 साली फुटल्या, तेव्हा कॅल्विन जिनिव्हात पोचलाही नव्हता. ते फारेलच्या प्रवचनांचं फळ. शिल्प आणि चित्र या कलांना कॅल्विन देवाची देणगीच म्हणतो. त्याचा विरोध दोन गोष्टींना होता: देवाला रूप देणं आणि रूपापुढे गुडघे टेकणं. माणसाचा पुतळा चौकात उभा करायला त्याच्या लिखाणात थेट मनाई सापडणार नाही.

पण स्वतःबद्दल त्याला भरवसा नव्हता, किंवा लोकांबद्दल नव्हता म्हणा. 27 मे 1564, शनिवारी संध्याकाळी तो गेला. बघायला रीघ लागली, परदेशी पाहुणेही आले. लोकांनी बोलायला जागा राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच देह पेटीत बंद केला आणि दुपारी प्लेनपालेच्या सार्वजनिक दफनभूमीत, इतर कुणाच्याही पंक्तीत, दगड न ठेवता पुरला. हे बेझाने लिहून ठेवलंय. कॅथॉलिकांच्या अवशेषपूजेची टर उडवण्यात या मंडळींची हयात गेली होती, आणि आता त्यांच्याच माणसाचं हाड कुणी कपाटात ठेवलं असतं तर काय तोंड राहिलं असतं!

जागा अर्थातच हरवली. पुढे एकोणिसाव्या शतकात लोकांना राहवलं नाही. कुठेतरी असेलच, असं म्हणून एका ठिकाणी 'जे. सी.' अशी दोनच अक्षरं कोरलेला छोटा दगड बसवला. आज तिथे कुंपण आहे, फुलं आहेत आणि पाटी आहे. त्याच दफनभूमीत बोर्हेस हा अर्जेंटिनाचा लेखकही आहे, आणि कोण कुणाला भेटायला आलंय हे पर्यटकांच्या चालीवरून ओळखता येतं.

1909 ची अडचण

जयंतीचं वर्ष जवळ आलं तेव्हा जिनिव्हा बदललेली होती. 1846 च्या रॅडिकल क्रांतीनंतर शहराचे जुने तट पाडले गेले, बाहेरची वस्ती आत आली, आसपासच्या कॅथॉलिक गावांतून माणसं कामाला आली. 'प्रॉटेस्टंट रोम' म्हणवणाऱ्या कँटनमध्ये (म्हणजे जिनिव्हा प्रांतात) कॅथॉलिक बरोबरीला आले होते. 30 जून 1907 रोजी मतदारांनी चर्चला सरकारी तिजोरीतून मिळणारा पैसा बंद केला. निर्णय लागू झाला 1 जानेवारी 1909 पासून.

तारखा शेजारी ठेवून बघा. जानेवारीत सरकारने चर्चशी आर्थिक नातं तोडलं आणि त्याच वर्षीच्या जुलैत शहराच्या सार्वजनिक बागेत कॅल्विनच्या स्मारकाची पायाभरणी झाली. पगार बंद झाला म्हणून दगड उभा राहिला, असं मी म्हणणार नाही. पण चर्चच्या हातून शहर निसटत असताना 'या शहराला घडवलं कुणी' हे दगडात लिहून ठेवायची निकड वाढते, एवढं समजण्यासारखं आहे.

मग अडचण अशी: पैसा जगभरच्या प्रॉटेस्टंटांकडून येणार, जागा शहराची, आणि शहरात कॅथॉलिक, मुक्तविचारी, समाजवादी सगळेच. एकट्या कॅल्विनचा पुतळा चबुतऱ्यावर चढवला असता तर पहिला प्रश्न तोंडावर आदळला असता, आणि तो प्रश्न म्हणजे सर्व्हेटस.

शांपेलचा चढ

मिगेल सर्व्हेटस (फ्रेंचमध्ये मिशेल सर्व्हे) हा स्पॅनिश. वैद्यक, भूगोल, धर्मशास्त्र, सगळ्यात हात घालणारा, आणि प्रत्येक ठिकाणी भांडण उकरून काढणारा. विशी ओलांडायच्या सुमाराला, 1531 साली, त्याने त्रैक्याच्या सिद्धान्तावर (देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत) हल्ला करणारं पुस्तक छापलं. त्यानंतर नाव बदलून तो फ्रान्समध्ये राहिला. व्हिएन शहरात (ऑस्ट्रियातलं नव्हे, ऱ्होन नदीकाठचं) आर्चबिशपचा वैद्य म्हणून त्याने बरीच वर्षं सुखाने काढली. 1553 साली त्याने गुपचूप छापलेल्या मोठ्या ग्रंथात, धर्मचर्चा चालू असताना मध्येच, रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून फुफ्फुसांत जाऊन डावीकडे येतं, याचं वर्णन आहे. युरोपात छापलेलं हे असं पहिलं वर्णन. त्या ग्रंथाच्या तीनच प्रती आज उरल्यात.

कॅल्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता आणि तो दोन्हीकडून विखारी होता. 1546 साली कॅल्विनने फारेलला लिहिलं की तो इथे आला आणि माझ्या शब्दाला काही किंमत असली, तर मी त्याला जिवंत जाऊ देणार नाही. 1553 साली व्हिएनच्या कॅथॉलिक धर्मन्यायसभेने सर्व्हेटसला पकडलं. पुरावा म्हणून जी हस्तलिखितं पुढे आली, ती जिनिव्हातून गेली होती, कॅल्विनच्या ओळखीतल्या माणसामार्फत. सर्व्हेटस तुरुंगातून निसटला. व्हिएनने त्याचा पुतळा जाळला. आणि ऑगस्टमध्ये हा गृहस्थ चक्क जिनिव्हात उगवला, रविवारी चर्चमध्ये जाऊन बसला, आणि ओळखला गेला. का आला, याचं पटेल असं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

खटला चालवला नगरसभेने. त्या सभेत त्या वेळी कॅल्विनच्या विरोधकांचा जोर होता. हे कॅल्विनचे वकील नेहमी सांगतात आणि ते खरं आहे. झुरिक, बर्न, बाझेल आणि शाफहाउझेन या चार शहरांचं मत मागवलं गेलं आणि चौघांनीही सर्व्हेटसला दोषी ठरवलं, हेही खरं. जाळण्याऐवजी तलवारीने मारावं असं कॅल्विनने सुचवलं आणि सभेने ते नाकारलं, हेही खरं. पण फिर्याद कॅल्विनच्या चिटणिसाच्या नावाने दाखल झाली होती, कलमं कॅल्विनने लिहून दिली होती, आणि मृत्युदंड व्हावा ही इच्छा त्याने कधी लपवली नाही. हे सगळं एकाच वेळी खरं आहे, म्हणूनच ते तिढ्याचं आहे.

तुरुंगातून सप्टेंबरमध्ये सर्व्हेटसने सभेला लिहिलं: उवा मला जिवंत खातायत, विजार फाटलीय, बदलायला सदरा नाही. 27 ऑक्टोबर 1553 रोजी त्याला शांपेलला नेलं. सोबत फारेल होता, शेवटच्या क्षणी तरी हा माघार घेईल या आशेने. ज्वाळांतून सर्व्हेटस ओरडला ते 'सनातन देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर' असं. 'देवाच्या सनातन पुत्रा' म्हणाला असता तर ते मान्य मत झालं असतं. सनातन हे विशेषण पित्याला लावायचं की पुत्राला, एवढाच फरक. मराठीत तर तो एक शब्द अलीकडे-पलीकडे करण्याइतका आहे. मरतानाही त्याने तो शब्द हलवला नाही.

आधी दुसरा दगड

1903 साली या घटनेला 350 वर्षं होत होती. सर्व्हेटसचं काहीतरी स्मारक होणार हे उघड होतं. युरोपभरच्या मुक्तविचारी मंडळींनी धर्मसत्तेला बळी पडलेल्यांचे पुतळे उभारायचा सपाटा लावला होता. रोममध्ये 1889 सालीच चर्चने जाळलेल्या जोर्दानो ब्रूनो या तत्त्वज्ञाचा पुतळा उभा राहिला होता. अशा वेळी पुढाकार घेतला एमिल दुमेर्गने. हा फ्रेंच प्रॉटेस्टंट इतिहासकार कॅल्विनचं सात खंडांचं चरित्र लिहीत होता, म्हणजे भक्तच म्हणायचा. त्याची कल्पना अशी की सर्व्हेटसचा दगड कॅल्विनच्या माणसांनीच बसवावा.

हे धाडसाचं होतं. आणि चलाखही. आपल्या पूर्वजाच्या अंगावरचा डाग शत्रूने दाखवण्याआधी आपणच दाखवला, की पुढच्या जयंतीला मोकळेपणाने ढोल वाजवता येतो. दुमेर्गच्या मनात नेमकं हेच असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही, पण सहा वर्षांनी झालेल्या सोहळ्याकडे बघता क्रम अचूक लागला, एवढं दिसतं.

दगडावर दोन बाजूंना मजकूर आहे. एका बाजूला: '27 ऑक्टोबर 1553 रोजी शांपेल येथे चितेवर मरण पावला' आणि पुढे सर्व्हेटसचं नाव, गाव, जन्मतारीख. दुसऱ्या बाजूच्या मजकुराचा अर्थ असा: आमचे महान धर्मसुधारक कॅल्विन यांचे आदरशील व कृतज्ञ पुत्र असलेले, परंतु त्यांच्या शतकाची जी एक चूक होती तिचा धिक्कार करणारे, आणि धर्मसुधारणेच्या व शुभवर्तमानाच्या खऱ्या तत्त्वांनुसार विवेकस्वातंत्र्याला घट्ट धरून असलेले आम्ही हे प्रायश्चित्ताचं स्मारक उभारलं आहे.

हा मजकूर मी बऱ्याच वेळा वाचलाय आणि दर वेळी तो ज्याने बसवला त्याच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. पहिल्या बाजूला क्रियापद बघा: 'मरण पावला'. चितेवर माणूस आपणहून चढत नाही, पण मारणारा कुणी या वाक्यात नाही. आपल्याकडच्या सरकारी पत्रकात 'सदर प्रकार घडला' असं असतं, तशी ही रचना. दुसऱ्या बाजूला ज्याच्यासाठी प्रायश्चित्त घ्यायचं त्याचं नाव नाही. नाव आहे ते कॅल्विनचं, तेही 'महान' या विशेषणासह आणि सगळ्यात आधी. चूक झाली हे मान्य, पण ती शतकाची. शतकाला काही कुणी जाब विचारू शकत नाही.

'शतकाची चूक' हा बचाव मला पटत नाही, कारण त्याच शतकात, त्याच भागात, ही चूक आहे असं म्हणणारा माणूस हजर होता. सेबास्तियन कास्तेलिओ. कॅल्विनने त्याला जिनिव्हाच्या शाळेचा मुख्याध्यापक केलं होतं, पण पुढे पाळक होऊ दिलं नाही. 1544 साली तो बाहेर पडला आणि बाझेलला गरिबीत राहू लागला. सर्व्हेटसला जाळल्यावर वर्षभराच्या आत त्याने टोपणनावाने पाखंडी लोकांच्या छळाविरुद्ध पुस्तक काढलं. नंतर कॅल्विनला उत्तर म्हणून त्याने लिहिलं की माणसाला मारणं म्हणजे सिद्धान्ताचं रक्षण नव्हे, ते माणसाला मारणंच आहे. हे उत्तर त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही. 1612 साली हॉलंडमध्ये छापलं गेलं.

तरीही 1903 च्या त्या लोकांना एक श्रेय द्यावंच लागेल. 'प्रायश्चित्त' हा शब्द त्यांनी दगडावर कोरला. तो टाळून 'स्मृतिप्रीत्यर्थ' वगैरे म्हणता आलं असतं. बिनचूक माफी नसली तरी स्वतःच्या संस्थापकाविरुद्ध दगडात एवढं तरी कोरणारे अनुयायी त्या काळात किती होते? सर्व्हेटसचा पुतळा जाळणाऱ्या व्हिएनमध्येही त्याचं स्मारक झालं, पण 1911 साली.

भिंतीने काय सोडवलं

आता पुन्हा बागेत. आराखड्यांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठेवली गेली आणि 71 आराखडे आले. निवड झाली ती चार स्विस वास्तुविशारदांच्या कल्पनेची: पुतळा न करता भिंत करायची, आणि तीही जुन्या तटाच्या उरलेल्या भागाला टेकवून. शिल्पं केली पॉल लांदोव्स्की आणि आंरी बुशार या दोन फ्रेंच शिल्पकारांनी. यातल्या लांदोव्स्कीनेच पुढे रिओ द जनेरोच्या डोंगरावरचा ख्रिस्ताचा प्रचंड पुतळा घडवला. जिनिव्हाच्या कडव्या पाळकांना तो बघून काय वाटलं असतं, हा विचार गमतीचा आहे.

भिंत करण्यात तीन गोष्टी साधल्या. एक तर कॅल्विन एकटा राहिला नाही. चौघांत तो किंचित पुढे आहे, पण शेजारच्या खांद्यांपासून सुटा नाही. त्याच्यापुढे एकट्यापुढे फूल ठेवायला जागा नाही. समोर पाण्याचा अरुंद खंदक आहे, त्यामुळे पायाशी जाताच येत नाही. मूर्तिपूजेची शक्यताच वास्तुरचनेने बंद केली, असं हवं तर म्हणा. दुसरं, तटाच्या जागेवर असल्याने स्मारक धर्माचं न राहता शहराचं झालं. सत्तावीस वर्षांच्या उपऱ्या फ्रेंच माणसाला जिथे ठेवून घेतलं, त्या शहराचा तट. आणि तिसरं, बाजूचे पुतळे.

बाजूला तीन-तीन मीटर उंचीचे सहा जण आहेत: ऑरेंजचा विल्यम, फ्रान्सचा कोलिन्यी, ब्रांडेनबुर्गचा फ्रीडरिश विल्हेल्म, रॉजर विल्यम्स, ऑलिव्हर क्रॉमवेल आणि हंगेरीचा बोच्काई. एक विल्यम्स सोडला तर सगळे राज्यकर्ते नाही तर सेनापती. त्यांच्यामधल्या उठावचित्रांत अमेरिकेत वसायला निघालेल्या इंग्रज प्रॉटेस्टंटांचा मेफ्लॉवर जहाजावरचा 1620 चा करार आहे, इंग्लंडचा 1689 चा हक्कांचा जाहीरनामा आहे, फ्रान्समधल्या प्रॉटेस्टंटांना मुभा देणारा 1598 चा नांतचा फतवा आहे, एडिंबरात प्रवचन देणारा नॉक्स आहे. भिंतभर ब्रीदवाक्य: पोस्ट तेनेब्रास लुक्स, अंधारानंतर उजेड. जर्मनीचा ल्यूथर आणि झुरिकचा झ्विंगली या सुधारकांच्या वाट्याला दोन्ही टोकांना फक्त नावं आली.

म्हणजे भिंत धर्मशास्त्राबद्दल जवळजवळ गप्प आहे. पूर्वनियती (कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं असणं), प्रभुभोजन, मंडळीची शिस्त, ज्यावर कॅल्विनने आयुष्य घालवलं, त्यातलं काही इथे नाही. भिंतीचा युक्तिवाद वेगळाच आहे: या चौघांपासून करार, संसद, हक्क आणि स्वातंत्र्य निघालं. 1909 च्या उदारमतवादी प्रॉटेस्टंटांना आरशात जे बघायला आवडत होतं ते. कॅथॉलिक आणि समाजवादी शेजाऱ्यांनाही यावर फारसा आक्षेप घेता येत नाही, कारण संसद कुणाला नको असते! (क्रॉमवेलकडे बघणारा आयरिश पर्यटक याला अपवाद. आयर्लंडमधल्या त्याच्या कत्तली तिकडे पोराटोरांना ठाऊक असतात.)

या रांगेत माझं लक्ष दर वेळी रॉजर विल्यम्सकडे जातं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंट) सत्तेने, म्हणजे कॅल्विनच्याच वारसांनी, त्याला धर्ममतांवरून हद्दपार केलं. मग त्याने प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथे कुणालाही त्याच्या श्रद्धेवरून हात लावायचा नाही असं ठरवलं. कॅल्विनने जिनिव्हात जे नाकारलं तेच या माणसाने मागितलं. त्याला भिंतीवर जागा मिळाली, पण तीच मागणी ऐंशी-नव्वद वर्षं आधी करणाऱ्या कास्तेलिओला मिळाली नाही. लांबचा बंडखोर चालतो, घरचा अडचणीचा ठरतो.

या भिंतीचे दोन धागे आपल्यापर्यंतही पोचतात. नॉक्सच्या स्कॉटिश चर्चमधून आलेले जॉन विल्सन 1829 साली मुंबईत उतरले. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज त्यांचंच. मेफ्लॉवरवाल्यांच्या परंपरेतल्या काँग्रिगेशनल मंडळींनी 1813 साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू केलं. त्यातून अहमदनगरच्या शाळा, मराठी छपाई आणि पुढे नारायण वामन टिळकांपर्यंतची वाट निघाली. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये आजही मूर्ती नसतात, भिंती साध्या असतात आणि आधी कान लागतात ते प्रवचनाला. ते वळण इथून आलेलं आहे.

काम रेंगाळलं. 1914 साली युद्ध पेटलं. भिंत खुली झाली 1917 च्या जुलैत, ऐन युद्धात, जेव्हा तिच्यासाठी वर्गणी देणाऱ्या देशांची मुलं एकमेकांवर तोफा डागत होती.

सरहद्दीपलीकडचा पुतळा

शांपेलच्या दगडावर समाधान न मानणारे होतेच. त्यांना सर्व्हेटसचा खराखुरा पुतळा हवा होता. क्लोतिल्द रॉक या जिनिव्हाच्याच शिल्पकार बाईंनी तो घडवला. वीराचा आव नाही, पुस्तक नाही, उगारलेलं बोट नाही. तुरुंगातला सर्व्हेटस: बसलेला, खंगलेला, अंगावर चिंध्या. उवांचं ते पत्र धातूत उतरल्यासारखा. जिनिव्हाने जागा दिली नाही. मग 1908 साली तो शहराला खेटून असलेल्या, पण फ्रान्सच्या हद्दीतल्या आनमास गावी उभा राहिला. इकडे भिंतीची स्पर्धा चालू होती ते हेच वर्ष.

1941 साली फ्रान्सच्या नाझीधार्जिण्या व्हिशी सरकारच्या काळात तो उतरवून वितळवला गेला. त्या काळात देशभरचे कांस्य पुतळे धातूसाठी भट्टीत जात होते. तरी जाळून मारलेल्या माणसाचा पुतळाही पुन्हा आगीतच गेला, हे मनातून जात नाही. साचा शिल्लक होता. 1960 साली आनमासमध्ये तो पुन्हा उभा राहिला.

आणि जिनिव्हाने? 3 ऑक्टोबर 2011 रोजी, सर्व्हेटसच्या जन्माला 500 वर्षं झाल्याचं धरून, त्याच पुतळ्याची प्रतिकृती शांपेलला जुन्या दगडाजवळ बसवली. नकार आणि होकार यांच्यात शंभर वर्षं गेली. तोवर शहरात कॅल्विनचे 'आदरशील व कृतज्ञ पुत्र' इतके थोडे उरले होते की विरोध करायला फारसं कुणी नव्हतं. उशिरा का होईना केलं, असं म्हणता येईल. पण जो निर्णय घ्यायला किंमत पडत नाही, तो किती मोजायचा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

भिंतीवरची भर

भिंतही तशीच राहिली नाही. 2002 साली चार नावं कोरून वाढवली गेली: वाल्डो, विक्लिफ, हुस आणि मारी दांतिएर. पहिले तिघे ल्यूथरच्या आधीचे सुधारक. चौथी ही भिंतीवरची पहिली बाई. मठ सोडून आलेली, पाळकाची बायको. 1539 साली तिने नावारच्या राणीला उद्देशून एक पत्र छापलं आणि बायकांनी शास्त्र वाचायचं, बोलायचं का नाही, असा सवाल केला. जिनिव्हाच्या सभेने प्रती जप्त केल्या. कॅल्विननेही एका पत्रात तिची टवाळी केलीय. आता तिचं नाव त्याच्या भिंतीवर आहे. पाच मीटरच्या दाढ्यांपुढे ते शोधावं लागतं, पण आहे.

2019 च्या जुलैत एका रात्री कुणीतरी चौघांच्या अंगावर इंद्रधनुष्याचे रंग ओतले. फारेलपासून नॉक्सपर्यंत झग्यांवर ओघळ उतरले होते. मग सफाई झाली. दगड सच्छिद्र असला की रंग वरवर पुसून जात नाही, आत मुरलेला काढायला वेळ लागतो. तक्रारी झाल्या, निषेध झाले. पण त्या रात्री ज्याने रंगाचा डबा उचलला, त्याला ही भिंत अजून काहीतरी म्हणते आहे असं वाटत होतं, हेही खरं. नुसत्या शोभेच्या दगडावर कुणी रंग वाया घालवत नाही.

शांपेलला जायचं असेल तर इस्पितळाची पाटी धरून चढावं. दगड रस्त्याच्या वळणावर आहे, झाडीत थोडा लपलेला, पुतळा जवळच. सकाळी तिथून पांढऱ्या कोटातली पोरंपोरी घाईने जात असतात, कारण विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र तिथेच आहे. हे विद्यापीठ म्हणजे कॅल्विनने 1559 साली काढलेल्या अकादमीचं आजचं रूप. त्याच्या वैद्यकीय केंद्राला पत्र पाठवायचं तर पत्ता लिहावा लागतो: 1, मिशेल सर्व्हे रस्ता, जिनिव्हा.